टिपेचा सूर कोणाचा

न्यू ऑर्लिन्समध्ये ट्रम्पेट वाजवणारे पैशाला पासरी मिळतात. पण आमच्या सातव्या वॉर्डात ट्रम्पेट म्हटलं की लोक एकच नाव घ्यायचे, नुमा सार्पी. नुमालाही ते पक्कं ठाऊक होतं, आणि सगळी भानगड तिथेच होती.

आठवडाभर हा माणूस लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा. कोपरापर्यंत चुना, भुवयांवर चुना. रविवार उजाडला की तोच नुमा पांढराशुभ्र शर्ट, काळी टोपी आणि चकचकीत बूट घालून आपल्या बँडच्या पुढे उभा राहायचा, आणि मग त्याच्याकडे बघावं. मंडळांच्या मिरवणुका, लग्नं, मयती, सगळीकडे नुमाचाच बँड. ट्रम्पेटवर तो टिपेचा सूर लावायचा तेव्हा चार घरं पलीकडची बाई इस्त्री तशीच टाकून दारात यायची. त्या सुरावर त्याचं घर चाललं नाही, ते गिलाव्यावर चाललं. पण नाव चाललं ते त्या सुरावर.

साठी उलटली आणि पुढचे दोन दात हलायला लागले. गिलावा करणाऱ्याचे दात पडले तर त्याचं काय जातं? फार तर मक्याचं कणीस जातं. पण ट्रम्पेटवाल्याचं सगळं बळ पुढच्या दातांवर. ओठ दातावर, ट्रम्पेट ओठावर, असा तो संसार. नुमाने चार दिवस समुद्राकाठच्या मोबिल गावी बहिणीकडे जातो म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि तिथे गुपचूप दात काढून दोन दातांची कवळी बसवून आला. परत आल्यावर मासे फार छान मिळाले असंही सांगितलं. विचारलं कोणी नव्हतं.

कवळीने खालचे सूर उत्तम निघत. मधलेही निघत. टिपेला गेलं की मात्र कवळी टाळूपासून सुटायची आणि सुराच्या जागी नुसती फुस्स हवा यायची.

पहिल्यांदा ती फुस्स झाली ती सेंट जोसेफच्या सणाच्या मिरवणुकीत. नुमाने ट्रम्पेट आभाळाकडे केला, गाल फुगवले, आणि काही नाही. त्याच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, त्याची मुलगी ओडील दुसरा ट्रम्पेट वाजवत होती. पोरीला बापाच्या छातीचा भाता ऐकू आला, सूर ऐकू आला नाही. तिने विचारबिचार केला नाही. आपला ट्रम्पेट वर केला आणि तो सूर लावून टाकला, अगदी नुमाच्या पद्धतीने, शेवटी थोडा थरथरवून. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "नुमा, अजून तोच रे तू!"

आता इथेच माणसाने मागे वळून म्हणावं, अरे बाबांनो, मी नव्हे, ही. दोन शब्दांचं काम. पण नुमाने टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. झालं. त्या दिवसापासून टिपेचा सूर ओडीलचा आणि टोपी नुमाची.

वर्षभर हे चाललं. बापाने तोंडाला ट्रम्पेट लावून बोटं नाचवायची, लेकीने खांद्याआडून फुंकायचं. दोन्ही ट्रम्पेटची तोंडं शेजारी शेजारी, भोवती ढोल, ट्यूबाचा अजस्र भोंगा, नाचणारी माणसं, त्यांच्या हातातल्या छत्र्या, कोण बघतो? फक्त मागून मोठा ढोल वाजवणाऱ्या पर्सीला कळलं होतं. पर्सी नुमाबरोबर शाळेत होता आणि गेली पस्तीस वर्षं त्याची पाठ बघत चालत होता. "तुझ्या पाठीला श्वास लागत नाही हल्ली," एवढंच तो एकदा म्हणाला.

ओडीलही बोलली नाही. दिवसभर ती सिटी बस चालवायची, संध्याकाळी मागच्या अंगणात तास तास वाजवायची. सत्तावीस वर्षांची झाली होती. आपला बाप लोकांसमोर पडू नये, एवढंच तिला वाटत होतं. आणि बापाला काय वाटत होतं? हळूहळू त्याला वाटायला लागलं की सूर आपलाच आहे. हसू नका. वर्षभर रोज लोक तुमची पाठ थोपटतील तर तुम्हालाही वाटेल.

त्या वर्षी मंडळाच्या वार्षिक मिरवणुकीच्या आधीच्या मंगळवारी नुमा न्हाव्याच्या दुकानात खुर्चीत बसला होता, तोंडाला साबण लावून. तेवढ्यात सिप्रियाँ आत आला. हा सिप्रियाँ एकेकाळी नुमाच्या हाताखाली वाजवायचा, मग त्याने सहाव्या वॉर्डात स्वतःचा बँड काढला. चाळिशीचा गडी, छाती भात्यासारखी, आणि जीभ न्हाव्याच्या वस्तऱ्यापेक्षा धारदार.

"मिस्टर नुमा," तो म्हणाला, "साठीत माणसं खाली येतात, तुम्ही वरच चाललात. काय खाता तरी काय?"

"बायकोच्या हातचं," नुमा म्हणाला. "तुलाही बायको असती तर कळलं असतं."

दुकान हसलं. सिप्रियाँही हसला. मग बाकावर बसून पायावर पाय टाकत म्हणाला, "एक विचारू? तुमच्या बँडमध्ये ओडील नुसती दुसऱ्या ट्रम्पेटला सडते आहे. आमच्याकडे पाठवा. मी तिला पुढे उभी करतो."

ओडील गेली तर टीप गेली. पण चेहरा साबणात होता, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. तो म्हणाला, "ओडील बरी वाजवते. पण अजून कच्ची आहे. टिपेला जायचा दम नाही तिच्यात. पुढे उभी राहिली तर हसं होईल पोरीचं."

"असं? मग रविवारी पुलाखाली भेटू आपण. दोन्ही बँड उभे राहतील. तुमचा सूर, माझा सूर. बघू लोक कोणाच्या मागे जातात ते."

पुलाखाली म्हणजे क्लेबोर्न रस्त्यावर. तिथे पूर्वी ओकच्या झाडांची सावली होती. ती तोडून वरून मोटारींचा रस्ता नेला तेव्हा आमची माणसं रडली, शिव्या देऊन झाल्या, आणि मग एकदा कोणीतरी त्या पुलाखालून बँड नेला. सूर काँक्रीटला आपटून दुप्पट होऊन अंगावर आला. तेव्हापासून दोन बँड समोरासमोर आले की भांडण तिथेच मिटवायचं अशी रीत पडली. ढोल हळू करायचे, दोन्हीकडचे ट्रम्पेट मधे यायचे, पुढे पहिला आणि त्याच्या मागे एक पाऊल सोडून दुसरा. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ज्याला उत्तर सुचणार नाही त्याने टोपी काढून छातीशी धरायची, आणि दिवसभर त्याच्या बँडने जिंकलेल्याच्या मागे चालायचं. मान खाली घालून, दुसऱ्याच्या तालावर. आमच्याकडे त्याहून मोठी शिक्षा नाही.

नुमा "ये" म्हणाला. मनात त्याने हिशोब केला होता. पुलाखाली सूर इतका घुमतो की कोणाच्या ट्रम्पेटमधून निघाला हे देवालाही सांगता येणार नाही. ओडील मागे असेलच. पूल आपल्याला तारून नेईल.

पण शहाण्याने एक गोष्ट धरली नव्हती. न्हाव्याच्या दुकानात तेव्हा जे केस कापून घेत होते, ते सगळे घरी बसनेच जातात.

संध्याकाळी ओडील घरी आली ती किल्ल्या टेबलावर आपटूनच. आई, लिओंटीन, चुलीपाशी भेंड्या चिरत होती. नुमा खुर्चीत बसून ट्रम्पेटला फडकं मारत होता.

"पपा, मी कच्ची आहे?"

नुमाने फडकं जास्तच जोरात चालवलं. "कोण म्हणालं?"

"माझ्या बसमधले सात जण म्हणाले. सांत्वन करत होते माझं. एक म्हातारी तर म्हणाली, रडू नको बाळ, तुझ्या बापासारखा दम सगळ्यांनाच कुठे असतो."

लिओंटीनला हसू फुटलं. तिने ते भेंड्यांत दडवलं.

"अगं, त्या सिप्रियाँच्या तोंडाला लागून बोललो मी. तो तुला पळवायला आला होता."

"म्हणून माझा दम काढायचा? वर्षभर मी तुमच्या पाठीमागून फुंकते. कोणाला कळू दिलं नाही. तुम्ही टोपी काढता, मी खाली बघते. मला त्याचंही काही वाटलं नाही हो. पण माझाच सूर माझ्याच तोंडावर मारून मलाच कच्ची म्हणता?"

"ट्रम्पेट धरायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही. लोक म्हणत होते मुलीला पियानो शिकव, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी भांडलात. मग आता कोणाशी भांडताय?"

कोंडीत सापडला की नुमा ओरडायचा. "मी या वॉर्डात पस्तीस वर्षं वाजवतोय! माझं नाव आहे!"

"आहे ना. मग रविवारी ते तुम्हीच वाजवा," ओडील म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, त्यामुळेच जास्त लागलं. "मी येईन. दुसऱ्या ट्रम्पेटचं सगळं वाजवीन. पण टिपेची वेळ आली की माझा ट्रम्पेट कमरेशी. तुम्हाला हवा असेल तर लोकांना सांगून मागा."

ती आत निघून गेली. नुमाने बायकोकडे पाहिलं, काहीतरी आधाराचं येईल म्हणून.

"माझ्याकडे काय बघतोस?" लिओंटीन म्हणाली. "एका घरात दोन ट्रम्पेट आणि दोघंही बहिरे. ताटं घे."

पुढचे दिवस नुमाचे जे हाल झाले ते कुत्रा खाणार नाही. एस्प्लनेड रस्त्यावर एका रिकाम्या घराचा गिलावा चालू होता. तिथे काम आटोपलं की दार लावून घ्यायचा आणि ट्रम्पेट काढायचा. कोऱ्या खोलीत सूर छान घुमतो. पण फुस्सही छान घुमते. कवळीला चिकटवायची पावडर जास्त लावून पाहिली. चिकटली ती इतकी की जेवताना निघेना. कापूस लावून पाहिला. ओठ एका बाजूला सरकवून पाहिले. टीप येईना. एकदा आली, क्षणभर, आणि तो आनंदाने ओरडणार इतक्यात पुन्हा हवा.

शुक्रवारी पर्सी तिथे आला. दाराबाहेर बराच वेळ उभा राहून ऐकत होता म्हणे. आत येऊन पालथ्या बादलीवर बसला.

"गड्या, सांगून टाक ना."

"काय सांगू? वर्षभर लोकांनी ज्यासाठी टाळ्या दिल्या ते मी नव्हतोच? पुन्हा कोणत्या तोंडाने बाहेर पडू?"

"कवळी काढून पड. तोंड वेगळं दिसेल."

नुमा हसला नाही. मग मात्र तो खरं बोलला, पर्सीसमोरच बोलू शकला असता असं. "मला भीती वाटते रे. ती पुढे उभी राहिली तर लोक म्हणतील, नुमा होता. होता. कळतंय तुला? मी अजून आहे ना."

पर्सी उठला, अंगावरचा चुना झटकला आणि म्हणाला, "तू आहेस तोवरच सांग म्हणतोय. मेल्यावर सांगायला मला नको लावूस. मला बोलता येत नाही चांगलं." आणि गेला.

रविवारी ऊन खणखणीत होतं. मंडळाच्या लोकांनी नारिंगी रंगाचे कडक सूट शिवले होते, हातात पिसांचे पंखे, पायात त्याच रंगाचे बूट. बँड पुढे आणि मागे नाचणारे. त्यांना मागची रांग म्हणतात, पण रांग कसली, सगळा वॉर्ड लोटलेला असतो. पोरं गाड्यांच्या टपावर नाचत होती, आजीबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून खांदे उडवत होत्या. नुमाचा बँड रंगात होता. खाली, मधे, जिथे त्याचा स्वतःचा सूर चालत होता तिथे तो असा वाजवत होता की ओडीलचा राग जागेवर ठेवणं कठीण जात होतं. बापलेक घरातून निघाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

पुलाखाली पोचले तर सिप्रियाँचा बँड आधीच उभा. जांभळ्या टोप्या, पितळ लखलखीत. दोन्ही मिरवणुका थांबल्या. गर्दीने आपोआप गोल केला. ढोल हळू झाले. पर्सीने हलकासा ठेका धरला, समोरच्याने तोच उचलला. दोन्हीकडचे ट्रम्पेट मधे आले.

सिप्रियाँने सुरुवात केली. भरभर, एकाला एक लागून सूर, गारा पडाव्यात तसे. लोक शिट्ट्या मारायला लागले.

नुमाने उत्तर दिलं. त्याने घाई केली नाही. डोक्यावरची टोपी काढून ट्रम्पेटच्या तोंडावर धरली आणि खालच्या सुरात असं काही गुरगुरायला लागला की वाटावं, एखादा म्हातारा दारूच्या दुकानातून घरी आलाय आणि बायको दार उघडत नाहीये. आर्जव करतोय, चिडतोय, परत आर्जव. आधी पुढच्या बायका हसल्या, मग सगळा पूल हसला. कोणीतरी म्हणालं, "उघड गं दार!" सिप्रियाँसुद्धा मान हलवत होता. त्या वेळी निकाल लावला असता तर नुमा जिंकला होता, आणि तेही स्वतःच्या दमावर. पण सिप्रियाँचं उत्तर राहिलं होतं.

सिप्रियाँने दोन पावलं पुढे टाकली, मान मागे केली आणि थेट टीप लावली. सूर पुलाला आपटला, परत आला, अंगावर काटा उभा राहिला. त्याने तो धरून ठेवला. धरून ठेवला. सोडला तेव्हा गर्दीचा जो आवाज झाला त्याने वरच्या मोटारीही ऐकू येईनात. मग हळूहळू सगळ्यांची तोंडं नुमाकडे वळली.

"मिस्टर नुमा," सिप्रियाँ गोड आवाजात म्हणाला, "वर या."

नुमाने ट्रम्पेट तोंडाला लावला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याने मागे पाहिलं. ओडीलने शब्द पाळला होता. तिचा ट्रम्पेट कमरेशी होता. पोरगी माझीच आहे, त्याच्या मनात आलं, हट्टी मेली. त्याने छाती भरून घेतली. कवळी सुटणार हे त्याला ठाऊक होतं. सुटली तर सुटली.

आणि तेवढ्यात त्याला पितळेची चमक दिसली. ओडीलने ट्रम्पेट वर उचलला होता.

तिचे डोळे भरून आले होते. हरणार हे ठाऊक असून छाती भरून घेणारा बाप तिला दिसला होता, आणि तिचा सगळा निश्चय तिथल्या तिथे विरघळला होता. ओठ लावून, श्वास भरून ती तयार उभी होती, खांद्याआड, रोजच्यासारखी. नुमाने नुसता ट्रम्पेट आभाळाकडे करायचा अवकाश. पुलाने सगळं झाकलं असतं. सिप्रियाँला टोपी काढावी लागली असती. नाव राहिलं असतं.

आणि उद्या सकाळी ही बस चालवायला गेली असती, तर सातही जण तिला म्हणाले असते, काय वाजवतो गं तुझा बाप.

हे मनात आलं आणि नुमाला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती कुठल्या कुठे गेली. त्याने ट्रम्पेट खाली घेतला. मागे वळला, ओडीलचं कोपर धरलं आणि तिला ओढून आपल्या पुढे आणून उभं केलं.

"ऐका रे," तो म्हणाला. पुलाखाली त्याचा आवाजही दुप्पट झाला. "वर्षभर तुम्ही जो टिपेचा सूर ऐकलात तो माझा नव्हता. माझ्या पुढच्या दोन दातांची कवळी आहे. सूर हिचा होता. टाळ्या मी घेतल्या."

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. कोणीतरी म्हणालं, "थकला वाटतं नुमा." ते त्याने ऐकलं. गिळलं.

"पपा, हे काय करताय?" ओडील कुजबुजली.

"उशीर केला तेवढा पुरे. वाजव."

"काय वाजवू? तुमचा सूर..."

"माझा नको. माझ्यासारखं वर्षभर वाजवलंस. आता तुझ्यासारखं वाजव."

तो बाजूला झाला. ओडील मधे एकटी उभी राहिली. पर्सीने ठेका आणखी हलका केला, इतका की काठी ढोलाला लागते की नाही कळेना.

तिने वरून सुरुवात केली नाही. खालून केली, एकच सूर, साधा, सरळ. नुमाच्या सुराला शेवटी एक थरथर असायची, सगळा वॉर्ड त्या थरथरीवर जीव टाकायचा. हिच्या सुरात ती नव्हती. उगवत्या उन्हासारखा स्वच्छ सूर, कुठे हलत नाही, कुठे विनवत नाही. मग दुसरा. मग तिसरा. ती चढत होती, पण चढते आहे असं वाटत नव्हतं. मधेच ठेक्याला हुलकावणी देऊन मागे राहायची आणि लोकांचे पाय अडखळले की हसत पुढे यायची. हे नुमाने शिकवलेलं नव्हतं. मागच्या अंगणात ही हे करत होती, आणि तो घरात बसून ट्रम्पेटला फडकं मारत होता. त्याची नक्कल करायची म्हणून हे सगळं पोरीने वर्षभर आवळून ठेवलं होतं.

मग ती टिपेला गेली. गेली आणि तिथे थांबलीच नाही. सिप्रियाँ जिथे टेकला होता तिथून वर सरकली, आणखी एक पायरी, आणि तिथे जाऊन तिने सूर धरला. जोर न करता. गाल न फुगवता. पूल त्या सुराने भरला, खांब भरले, वरून जाणाऱ्या गाड्यांपैकी एकीने करकचून ब्रेक लावला. ओडीलचे डोळे मिटले होते आणि ती हसत होती, ट्रम्पेट तोंडाला असताना जेवढं हसता येतं तेवढं. एक म्हातारी दोन्ही हात वर करून उभी राहिली. नुमा रडत होता. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही, आणि लाजही वाटली नाही.

सूर सुटला. आणि सगळे एकदम ओरडले.

सिप्रियाँने ट्रम्पेट ओठांना लावला. श्वास घेतला. त्याने ओडीलकडे पाहिलं, वर पुलाकडे पाहिलं, आणि ट्रम्पेट खाली घेऊन डोक्यावरची जांभळी टोपी काढली. ती छातीशी धरून तो नुमापाशी आला.

"कच्ची आहे म्हणाला होतात."

"खोटं बोललो होतो," नुमा म्हणाला.

"ते कळलं. असलं खोटं ऐकायला पुढच्या रविवारीही येईन मी." आणि तो आपल्या बँडकडे वळून ओरडला, "चला रे पोरांनो, मागे व्हा. आज हिच्या तालावर चालायचंय."

आमच्याकडे पुढची चीज कोणती ते पहिला ट्रम्पेट ठरवतो. तोंडाने सांगत नाही. चार सूर फुंकतो आणि बाकीच्यांनी ते उचलायचे. बँडचे सगळे सवयीने नुमाकडे बघायला लागले. नुमाने आपला ट्रम्पेट काखेत मारला आणि हनुवटीने ओडीलकडे दाखवलं. ती क्षणभर घुटमळली. मग तिने चार सूर फुंकले, उडते, चटकदार, पायांना गप्प बसू न देणारे. पर्सीचा ढोल धाडकन पडला, ट्यूबा घुमला, आणि सगळं पुलाखालचं जग उचललं गेलं.

बँड निघाला. ओडील पुढे. तिच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, जागा मोकळी होती, पण नुमा तिथे गेला नाही. आज नको. आज लोकांना ती एकटी दिसू दे. तो वाटेत तसाच उभा राहिला. पर्सी ढोल घेऊन अंगावर आला.

"हो बाजूला म्हाताऱ्या, रस्ता दे," पर्सी म्हणाला. त्याचं तोंड हसून हसून फाटायचं राहिलं होतं.

नुमा बाजूला झाला आणि मागच्या गर्दीने त्याला पोटात घेतलं. छत्र्या, पंखे, घाम, कोपरं. लिओंटीन कुठूनशी आली, तिने त्याच्या काखेतला ट्रम्पेट काढून आपल्या काखेत मारला आणि म्हणाली, "पाय हलव."

पाय हलवायचं त्याला येत नव्हतं. पस्तीस वर्षं तो पुढे चालला होता, बँडच्या संथ, रुबाबदार चालीत. ज्यांना नाचवलं त्यांच्यात नाचायची वेळ कधी आलीच नव्हती. त्याने एक गुडघा उचलला, मग दुसरा, भलत्याच ठेक्यावर. पुढून ओडीलचा सूर आला आणि पुलावरून उलटून त्याच्या डोक्यावर पडला. हा सूर त्याने आजवर फक्त शेजारी उभं राहून ऐकला होता. अंगावर येताना कसा येतो ते त्याला पहिल्यांदा कळलं, आणि इस्त्री टाकून दारात येणाऱ्या बायका का येत होत्या तेही कळलं. त्याने दोन्ही हात वर केले आणि गरकन फिरला.

फिरला तो थेट एका जाड्या बाईच्या नव्या कोऱ्या नारिंगी बुटावर.

"आई गं! नाचता येत नाही तर नाचता कशाला?" ती करवादली. तिने त्याला ओळखलं नव्हतं, टोपीही त्याची केव्हाच कुठेतरी पडली होती. "जा पुढे, बँडबरोबर चाला."

"पुढे जागा नाही हो," नुमा म्हणाला. "तिथे माझी मुलगी आहे."